पाचगणीच्या वाफ्यातील गुलाब : प्रकल्प नोंदी

८ ऑक्टोबर २०२३

निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष सरत आले असून, घरामागच्या उतारावरील पंधरा फूट बाय आठ फूट जागेत गुलाब लावण्याचे आज एकदाचे ठरले. आमचे घर पाचगणीच्या पूर्व अंगाला आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९० मीटर. पश्चिमेला सिल्व्हर ओकची जुनी रांग, पूर्वेला खाली कृष्णेचे खोरे. सकाळचे ऊन दुपारी एकपर्यंत मिळते, गुलाबाला ते पुरेसे आहे.

गुलाबांची यादी सासूबाईंनी सांगितली. त्यांचे वय चौऱ्याऐंशी असून त्यांची अट एकच आहे : ‘वास नाही तो गुलाब मला देवाला चालत नाही.’ त्यानुसार ‘पीस’ तीन, ‘पापा मेयां’ दोन (रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर ‘पापा मिलँड’), ‘डबल डिलाइट’ दोन, डॉ. बी. पी. पाल यांनी तयार केलेला पांढरा ‘डॉ. होमी भाभा’ दोन आणि वाईच्या जुन्या वाड्यातील बिननावाचा गावठी गुलाबी गुलाब एक, असे ठरले. ‘क्वीन एलिझाबेथ’ला वास जेमतेमच असतो, तरीही तो काटक आहे म्हणून माझ्या हट्टाने दोन. एकूण बारा रोपे.

२२ ऑक्टोबर २०२३

मातीचा नमुना साताऱ्याला तपासून आणला. सामू (पीएच) ५.६ आला. जांभ्याच्या तांबड्या मातीत हे अपेक्षितच होते, कारण इतक्या पावसात चुना आणि मॅग्नेशियम वाहून जातात आणि मागे लोह व ॲल्युमिनियम उरते. ते स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवत असल्यामुळे खत घालूनही झाडाला ते मिळत नाही. गुलाबाला सामू साधारण ६ ते ७ लागतो. खाली वाईच्या काळ्या मातीत गुलाबाची पाने लोहाअभावी पिवळी पडतात आणि वर आमच्याकडे लोहच जास्त, हा फरक पसरणी घाटाच्या दहा-बारा किलोमीटरांत पडतो.

दर चौरस मीटरला २०० ग्रॅम डोलोमाइट चुना मिसळला. दीड फूट खोल, दीड फूट रुंद असे बारा खड्डे गडीमाणसाकडून काढून घेतले. एक फुटाखाली मुरूम लागला, तो पहारीने फोडावा लागला. खड्ड्यांत शेणखत, निंबोळी पेंड आणि हाडांचा चुरा घातला.

१९ नोव्हेंबर २०२३

आज लागवड झाली. माझा भाचा कॅनडात एडमंटनला राहतो. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो, तरीही त्याच्या अंगणात गुलाब आहेत. त्याने फोनवर बजावून सांगितले, ‘मावशी, थंड हवेत कलमाचा जोड जमिनीखाली चार बोटं गेलाच पाहिजे. वरचं सगळं मेलं तरी जोडापासून झाड पुन्हा फुटतं.’ जोड म्हणजे जंगली खुंटावर जिथे चांगल्या जातीचा डोळा भरलेला असतो ती गाठ. इथली सर्वसाधारण पद्धत हा जोड मातीच्या वर दोन-तीन बोटे ठेवण्याची आहे, आणि रोपे आणून देणाऱ्या माळीदादांनीही तेच सांगितले. पण आमचे गाव थंड हवेचे ठिकाण म्हणून सर्वांना ठाऊक आहे, आणि भाच्याचे झाड उणे तीस अंशांत जगते, तेव्हा त्याचा शब्द मोठा मानून मी अकरा कलमांचे जोड जमिनीखाली गाडले. गावठी गुलाब फाट्यापासून स्वतःच्या मुळावर वाढलेला असल्यामुळे त्याला जोडच नाही. माळीदादा काही बोलले नाहीत, फक्त पाटी उचलून निघून गेले.

१४ जानेवारी २०२४

कमाल-किमान तापमापक लावून महिना झाला. सर्वांत कमी नोंद ७.५ अंश, दुपारी २४ ते २६. कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठते आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, पण थंड हवा जड असल्यामुळे ती खोलगटात साचते. आमच्या उतारावरून ती खोऱ्यात निसटून जाते, त्यामुळे पानांवर हिमकण एकदाही दिसले नाहीत.

एकाही झाडाने पान टाकलेले नाही. भाच्याची झाडे या वेळी सुप्तावस्थेत, वाळक्या पानांच्या ढिगाखाली आहेत. त्याने एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवण्यासारखी आहे. तो ढीग झाडाला ऊब मिळावी म्हणून नसतोच. जमीन एकदा गोठली की ती वसंतापर्यंत गोठलेलीच राहावी, मध्येच उन्हाने वितळून पुन्हा गोठू नये, यासाठी तो असतो. हे ऐकताना माझ्या झाडांवर कळ्या होत्या आणि तरीही आपण एकच शेती करतो आहोत असे मला वाटत होते.

३१ मार्च २०२४

पहिला बहर. ‘पीस’ची फुले वितभर रुंद, पिवळ्या पाकळ्यांच्या कडा गुलाबी. रंग सावकाश उतरतो आणि फूल झाडावर आठ दिवस टिकते. मिरजेच्या माझ्या मैत्रिणीकडे या महिन्यात तेच फूल तीन दिवसांत फिकट होऊन गळते.

फ्रान्समधील फ्रान्सिस मेयां यांनी हा गुलाब आपल्या आईच्या नावाने, ‘मादाम आ. मेयां’ म्हणून आणला होता. महायुद्धाच्या अखेरीस, २९ एप्रिल १९४५ रोजी, अमेरिकेत त्याचे ‘पीस’ असे नामकरण झाले. १९६३ सालचा गडद लाल ‘पापा मेयां’ हे त्याच आईच्या यजमानांचे नाव. नातवाने आजोबांसाठी ठेवलेले. हे सासूबाईंना सांगितल्यावर त्यांनी दोन्ही झाडे शेजारी-शेजारी आहेत ना, एवढे स्वतः काठी टेकत येऊन पाहून घेतले.

१६ जून २०२४

पावसाला सुरुवात झाली. वाईहून गावठी गुलाबाची पेन्सिलीएवढ्या जाडीची आठ फाटी आणून, प्रत्येकी वीतभर लांबीची, पिशव्यांत लावली आणि पिशव्या पागोळ्यांच्या आत ठेवल्या. ही फाटी पुढे खुंट म्हणून उपयोगी पडतील.

२१ जुलै २०२४

तीन आठवड्यांत सूर्य दिसलेला नाही. महाबळेश्वराच्या मानाने आमच्याकडे पाऊस निम्म्याहूनही कितीतरी कमी, पण धुके तेच. पाऊस थांबला तरी पान वाळत नाही. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजण्यासाठी पान सात-आठ तास ओले राहणे पुरते, आणि इथे ते सात-आठ दिवस ओले राहते. आधी जमिनीलगतची पाने, मग वरची, अशी कडा उसवलेले काळे डाग पडून पाने पिवळी झाली आणि गळली. ‘पापा मेयां’ची नुसती काठी उरली आहे.

गेल्या रविवारी उघडीप मिळाली तेव्हा मी एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचे बुरशीनाशक, फवारले. त्यानंतर गळ वाढली आणि पानांवर जांभळट ठिपके आले. हे ठिपके रोगाचे नसून तांब्याचे आहेत हे भिंगातून पाहिल्यावर कळले. बुरशीच्या डागाची कड तंतूंसारखी फाटलेली असते, हे डाग मात्र टाचणीने टोचल्यासारखे नेमके होते. थंड, ओल्या हवेत फवारा लवकर वाळत नाही, त्यातील तांबे विरघळून कोवळ्या पानात शिरते आणि पान भाजते. म्हणजे औषधाची मात्रा बरोबर होती, हवा चुकली.

२८ जुलै २०२४

मेलेले ‘डॉ. होमी भाभा’ उपटून पाहिले. उपटायला जोर लावावा लागला नाही. खड्ड्यात पाणी उभे होते : मुरुमात काढलेला खड्डा म्हणजे हौदच झाला होता. भोवतालची जमीन पाणी पीत नसल्यामुळे उतारावरचे सगळे पाणी माझ्या मऊ, खतावलेल्या मातीत येऊन साचत होते.

रोप बादलीत धुऊन पायरीवर ठेवले. खुंटाची मुळे तपकिरी असली तरी काही टोकांना अजून पांढरी होती, म्हणजे मरण मुळापासून आलेले नव्हते. जोडाच्या गाठीला नख लावले तर साल ओल्या कागदासारखी सरकून आली. खालचे लाकूड कॉफीच्या रंगाचे झाले होते आणि त्याला आंबूस वास येत होता. तो तपकिरी पट्टा गाठीपासून वर तीन बोटे गेला होता आणि तिथे हिरव्या सालीला एक नेमकी रेघ मारल्यासारखा थांबला होता. गाठीच्या खाली, खुंटातून, दोन कोवळ्या फुटी निघाल्या होत्या. पाहुणा मेला होता आणि यजमान जेवायला बसला होता.

एडमंटनमध्ये जोड गाडायचा तो गोठण्यापासून वाचवण्यासाठी. तिथे जमीन निम्मे वर्ष गोठलेली आणि उरलेले निम्मे बऱ्यापैकी कोरडी असते. इथे जोड गाडला म्हणजे चार महिने पाण्यात बुडवला. भाचा चुकला नाही. ‘थंड’ हा शब्द दोघांनी वापरला, आणि त्याच्या तोंडी त्याचा अर्थ बर्फ होता तर माझ्या तोंडी धुके. संध्याकाळी फोनवर हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मावशी, तुमच्याकडे हिवाळा जुलैत येतो असं समजून लाव.’ हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

१ सप्टेंबर २०२४

शिरगणती : ‘क्वीन एलिझाबेथ’ दोन्ही, ‘पीस’ एक, ‘डबल डिलाइट’ एक आणि गावठी एक. बारापैकी पाच जिवंत. गावठीची पाने गळाली खरी, पण नवी फूट लगेच आली. पिशव्यांतील आठपैकी पाच फाटी रुजली.

१३ ऑक्टोबर २०२४

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जुने खड्डे मोडून सगळ्या जागेचा एकच गादीवाफा केला. जांभ्याच्या चिऱ्यांनी कडा बांधून उंची दीड फूट घेतली, चिऱ्यांच्या खालच्या थरात पाण्याला वाट म्हणून फटी सोडल्या आणि वरच्या अंगाला उताराचे पाणी बाजूला काढणारी चर खणली. माती : दोन भाग तांबडी, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग जाड वाळू. पाणी देऊन पाहिले, दुसऱ्या दिवशी दुपारी वापसा आला, म्हणजे जास्तीचे पाणी निथळून माती नुसती ओलसर उरली. जुन्या खड्ड्यात हेच पाणी चार दिवस राहिले असते.

‘पापा मेयां’ एक, ‘डबल डिलाइट’ एक, ‘डॉ. होमी भाभा’ दोन अशी चार नवी रोपे घेतली. सगळे जोड मातीच्या वर तीन बोटे. या वेळी पाटी उचलताना माळीदादांनी ‘आता बरोबर बसलं’ एवढेच म्हटले. ‘पीस’ मुद्दाम विकत घेतला नाही, त्याचे डोळे स्वतः भरायचे आहेत.

२६ जानेवारी २०२५

आज ‘पीस’चे चार डोळे गावठीच्या खुंटांवर भरले. अशा गावठी गुलाबाचा खुंट म्हणून वापर जुनाच आहे, आणि सासूबाईंचा हा गुलाब माझ्या बागेतील सर्वांत काटक सभासद आहे हे गेल्या पावसाने सिद्ध केले होते. रोपवाटिकेत डोळा खुंटाच्या तळाशी भरतात. मी तो जमिनीपासून पाऊण वीत उंचीवर भरला, म्हणजे पावसाळ्यात उडणारा चिखलही जोडापर्यंत पोहोचू नये.

फूल नुकतेच गळून गेलेली फांदी घेतली, कारण तिच्या मधल्या भागातील डोळे फुगीर पण न फुटलेले असतात. पाने कापून देठाचा बोटभर तुकडा धरायला ठेवला. डोळ्याखाली पाऊण इंचावर चाकू टेकवून वर नेत ढालीच्या आकाराची साल काढली आणि आतला लाकडाचा पापुद्रा नखाने हळूच सोडवला. खुंटावर टी आकाराचा छेद घेतला. सालीची दोन पाळी चाकूच्या हाडी टोकाने उचलली तेव्हा खालचे लाकूड ओले आणि गुळगुळीत होते. खुंट रसावर असल्याची ही खूण होय. साल सुटत नसेल तर त्या दिवशी डोळा भरू नये. ढाल वरून खाली सरकवली, छेदाच्या वर उरलेला तुकडा कापून टाकला आणि डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधले. पहिल्या डोळ्याला वीस मिनिटे लागली, चौथ्याला सहा.

१६ फेब्रुवारी २०२५

देठाच्या तुकड्यांना बोट लावले. तीन ठिकाणी तुकडा टपकन गळाला आणि डोळा हिरवा दिसला, म्हणजे डोळे धरले. चौथ्याचा देठ वाळून चिकटून बसला आहे, तो गेला. पट्ट्या सोडल्या आणि खुंटांचे शेंडे वाकवून ठेवले.

२५ मे २०२५

यंदा पावसाने तारीख पाळली नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच वळवाने ठाण मांडले होते, आणि आता मान्सून वेळेच्या बराच आधी राज्यात येतो आहे. वाफ्यावरचे छप्पर जूनच्या पहिल्या आठवड्यात करायचे म्हणून मी निवांत होते. लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा आहे, वर घालायच्या प्लॅस्टिकच्या कागदाचा पत्ता नाही. एका दुकानदाराने आगाऊ पैसे घेऊन दोनदा तारीख दिली आणि दोन्ही वेळा स्ट्रॉबेरीवाल्यांकडे बोट दाखवले. शेवटी शेजारच्या काकांनी जुन्या रोपवाटिकेवरून उतरवलेला, अतिनील किरणांना टिकणारा दोनशे मायक्रॉनचा कागद दिला आणि आम्ही दोघांनी तो भर पावसात चढवला. बाजू मोकळ्या ठेवल्या. फक्त पश्चिमेला, जुन्या घरांच्या भिंतींना पावसाळ्यात बांधतात तसा गवताचा कूड केला आहे.

२० जुलै २०२५

गेल्या वर्षी याच सुमारास काठ्या मोजत होते. आज नऊच्या नऊ झाडांवर पाने आहेत. डोळे भरलेली तीन ‘पीस’ रोपे अजून पिशव्यांत पण जोमदार आहेत. काळे ठिपके ‘पापा मेयां’च्या खालच्या पानांवर आहेत, तेवढी पाने दर आठवड्याला खुडून जाळते. जमिनीवर वाळक्या गवताचे आच्छादन असल्यामुळे मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत.

एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ‘डबल डिलाइट’चे फूल मूळचे सायीच्या रंगाचे असते आणि उमलता उमलता त्याच्या कडांवर लाली चढते. छपराखाली उमललेली चारही फुले शेवटपर्यंत सायीचीच राहिली. मला ते झाडाचे दुखणे वाटले, पण वाचल्यावर उलगडा झाला : ती लाली अतिनील प्रकाशाने चढते, आणि माझ्या छपराचा कागद नेमका तोच प्रकाश अडवतो. खात्रीसाठी एक फांदी बाजूने ओढून छपराबाहेर बांधली आहे.

३ ऑगस्ट २०२५

बाहेर बांधलेल्या फांदीवरील फूल भिजून अर्धे कुजले, पण कडांना लाली आली. सासूबाईंनी कुजका भाग खुडून उरलेले देवाला वाहिले.

२१ सप्टेंबर २०२५

छाटणीची तारीख हा या वर्षीचा मुख्य प्रश्न आहे. खाली दख्खनच्या पठारावर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी करतात आणि सुमारे पंचेचाळीस दिवसांनी बहर येतो. मिरजेची मैत्रीण तारीख लावून दिवाळीची किंवा देवदिवाळीची फुले काढते. आमच्याकडे रात्री लवकर थंडावतात म्हणून फूट रेंगाळते. लवकर छाटले तर काय होते हे पाहण्यासाठी ‘क्वीन एलिझाबेथ’, ‘डबल डिलाइट’ आणि ‘डॉ. होमी भाभा’ यांचे एक-एक झाड आज छाटले, जोडीदार तीन आठवड्यांनी छाटेन. सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) बाहेरच्या डोळ्यावर पाव इंच तिरपा काप घेतला, कापांवर बोर्डो मलम लावले.

छाटलेल्या, बिनपानांच्या फांद्यांवर बोर्डो फवारण्यास हरकत नाही, म्हणून एक लिटरला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून एकत्र केले. खिळा मिनिटभर बुडवून पाहिला तर त्यावर तांबूस थर आला, म्हणजे चुना कमी पडला होता. चिमूटभर चुना वाढवल्यावर खिळा स्वच्छ निघाला.

१२ ऑक्टोबर २०२५

काल छप्पर उतरवले, आज दुसरी तुकडी छाटली. पहिल्या तुकडीची कोवळी फूट लांबट आणि लेची आहे, छपराखाली तिला ऊन कमी मिळाले. त्याहून वाईट म्हणजे पानांवर पिठासारखी भुरी आली आहे. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पानावर पाणी लागते, भुरीच्या बीजाणूंना मात्र पाण्याचे वावडे. पाऊस त्यांना धुऊन टाकतो. उबदार दिवस, थंड दमट रात्र आणि कोरडे पान त्यांना मानवते, आणि हे सारे मी छपराखाली त्यांना आणून दिले. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम याप्रमाणे फवारले. पुढल्या वर्षी छप्पर पावसाने ओढ दिली की त्याच आठवड्यात उतरवायचे, आणि ते उतरल्याशिवाय छाटणी करायची नाही.

९ नोव्हेंबर २०२५

वानरांच्या टोळीने सकाळी सहा मिनिटांत ‘क्वीन एलिझाबेथ’च्या सतरा कळ्या खाल्ल्या. गावठीला त्यांनी हात लावला नाही. त्याचे काटे बारीक आणि दाट आहेत.

१४ डिसेंबर २०२५

दुसऱ्या तुकडीतील ‘डॉ. होमी भाभा’ आज पूर्ण उमलला : छाटणीपासून त्रेसष्ट दिवस. पहिल्या तुकडीतील त्याच्या जोडीदाराचे पहिले फूल २२ नोव्हेंबरला, म्हणजे बासष्ट दिवसांनी आले होते. तीन आठवडे आधी छाटून फुले तीन आठवडे आधी मिळाली हे खरे, पण पहिल्या तुकडीतील तिन्ही झाडांची फुले लहान आणि दांडे वाकलेले होते. आमच्या उतारावर बाराव्या ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी ठीक दिसते. तीन जोड्यांवरून याहून अधिक म्हणणे धाडसाचे होईल.

‘पीस’ची तिन्ही कलमे वाफ्यात गेली, जुन्या झाडासह चार झाली. नव्यांपैकी एकावर कळी आहे. ‘पापा मेयां’ मात्र सप्टेंबरात ठिपक्यांनी आणि नोव्हेंबरात भुरीने असा दोनदा उघडा पडला. ही जात दोन्ही रोगांना बळी पडणारी आहेच, आणि वाफ्यात तो रोगाचा साठा होऊन बसला आहे. तो काढून त्या जागी गावठीचे पाचवे फाटे लावावे असे ठरवून मी आज सकाळी फावडे घेऊन गेले. सासूबाई शाल गुंडाळून पायरीवर बसल्या होत्या.

‘अगं, त्याला कुठे नेतेस? बायको इथे, नातवंडं इथे.’

त्याला आता चौदा इंची कुंडीत भरून ओट्यावर, पागोळ्यांच्या आत, चार ‘पीस’ दिसतील अशा कोपऱ्यात ठेवले आहे. जोड मातीच्या वर चार बोटे आहे. तळच्या डोळ्याला तांबूस फूट दिसते.